शेजाऱ्याच्या सणाचे कारण

वाचक माउलींनो, २०२३ ची आषाढी तुमच्या लक्षात असेल. त्या वर्षी २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या होत्या. पंढरपुरातल्या आणि राज्यातल्या इतर कितीतरी गावांतल्या मुसलमान बांधवांनी आपण होऊन ठरवले, की एकादशीला कुर्बानी द्यायची नाही. ती नंतर द्यायची. दशमीच्या रात्री आमच्या दिंडीच्या राहुटीत हा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांना बरे वाटले. कोणी म्हणाले, ही पांडुरंगाचीच कृपा. माझ्या शेजारी माझा नातू बसला होता. सहावीत होता, त्याची पहिलीच वारी. तो म्हणाला, "आजोबा, त्यांनी आपल्यासाठी सण पुढे ढकलला. पण त्यांचा तो सण असतो कशाचा?"

"बकरा कापतात," मी म्हणालो.

"ते माहीत आहे. पण का कापतात?"

मला सांगता आले नाही. मी म्हणालो, "सगळे धर्म सारखेच असतात बाळा. झोप आता, पहाटे चंद्रभागेवर जायचे आहे."

पोर झोपले. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही. देहूहून तुकोबारायांची पालखी निघाली की अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी विसावते आणि तेथे आरती होते. मी त्या आरतीला अनेकदा उभा राहिलो आहे, हात जोडले आहेत. आमच्या आळीत तीन घरे मुसलमानांची आहेत. ईदेचा शिरखुर्मा मी वर्षानुवर्षे खात आलो. पण त्या शेजाऱ्याचा सर्वांत मोठ्या सणांपैकी एक सण कशासाठी असतो, हे मला ठाऊक नव्हते. आणि माझे अज्ञान मी "सगळे धर्म सारखेच" या गोड वाक्याखाली झाकले होते.

घरी आल्यावर मनात आले, हे पोराला शाळेत का कळू नये? तेथे त्याला दूरदूरच्या देशांच्या राजधान्या पाठ करायला लावतात. मग जगातले लोक देवाला कसे हाक मारतात, कशासाठी उपास धरतात, कोणत्या महात्म्याच्या मागे चालतात, हे का सांगू नये? शाळेत जगातल्या धर्मांची ओळख करून द्यावी की देऊ नये, हा प्रश्न मी शोधू लागलो तेव्हा लक्षात आले, की आपल्या देशात तो पावणेदोनशे वर्षांपासून विचारला जातो आहे, आणि तो विचारणाऱ्यांत आणि त्याचे उत्तर देणाऱ्यांत आपल्या मराठी मुलखातली माणसे पुढे आहेत. तो इतिहास आज तुमच्यापुढे ठेवतो. त्यातून आपण वारकऱ्यांनी काय घ्यायचे, ते शेवटी पाहू.

१८५४ साली विलायतेहून शिक्षणाविषयी एक मोठा खलिता आला. वुडचा खलिता म्हणून तो ओळखला जातो. सरकारी शाळांतले शिक्षण धर्मनिरपेक्ष असावे, असे त्यात ठरले. बायबल ग्रंथालयात ठेवावे; शाळेच्या वेळेबाहेर एखाद्या विद्यार्थ्याने आपण होऊन विचारले तर शिक्षकाने सांगायला हरकत नाही, इतकीच वाट ठेवली होती. परक्या राज्यकर्त्यांना या देशातल्या धर्मांच्या भानगडीत हात घालायचा नव्हता. तेव्हापासून सरकारी शाळेच्या उंबऱ्याबाहेर धर्माच्या वहाणा काढून ठेवायची रीत पडली.

पुढे १८८२ साली हंटर आयोग आला. याच आयोगापुढे महात्मा फुले यांनी आपले निवेदन दिले आणि शेतकऱ्याच्या पोरांना प्राथमिक शिक्षण द्या, अशी मागणी केली. आयोगाचे एक सभासद होते मुंबईचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग. वय अवघे ३२. आयोगाने सुचवले, की सर्व धर्मांना मान्य होतील अशा मूलतत्त्वांवर आधारलेले एक नीतिपुस्तक तयार करावे आणि ते महाविद्यालयांत शिकवावे. तेलंगांना हे पटले नाही. त्यांनी आपले वेगळे मत लिहून नोंदवले. सरकारनेही पुढे ती सूचना स्वीकारली नाही.

आता गंमत पाहा. ज्या तेलंगांनी या नीतिपुस्तकाला विरोध केला, त्यांनीच केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १८८२ साली मॅक्स म्युलरच्या 'पूर्वेकडील पवित्र ग्रंथ' या मालेत प्रसिद्ध झाले. म्हणजे हा मनुष्य धर्माला विटलेला नव्हता. आपला ग्रंथ परक्या माणसाला नीट कळावा म्हणून त्याने रात्री जागवल्या होत्या. गीता गीतेच्या नावाने जगापुढे ठेवणे त्याला मान्य होते. सगळ्या धर्मांचा अर्क काढून बनवलेला, कोणाच्याच घरचा नसलेला असा एक सरकारी काढा मुलांना पाजणे मान्य नव्हते. माझ्या मते या विषयातले पहिले शहाणपण येथेच आहे. ओळख करून द्यायची तर ज्याची त्याच्या नावाने, त्याच्या चेहऱ्यासकट करून द्यावी.

महात्मा फुल्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक घर कल्पिले आहे. त्या घरातली माणसे वेगवेगळे धर्मग्रंथ वाचतात, ज्याला जो पटेल तो धर्म पाळतात, आणि एकमेकांचा द्वेष न करता एका छपराखाली राहतात. फुल्यांनी ग्रंथ वाचण्याची अट आधी घातली आहे, हे विसरू नये. न वाचता, न जाणता नुसते गोडीने राहा, असे त्यांनी म्हटलेले नाही.

त्यानंतर येते वर्धा. १९३७ साली वर्ध्याला महात्मा गांधींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमची योजना निघाली. हाताने काम करीत शिकायचे, टकळीवर सूत काढता काढता गणित शिकायचे, अशी ती योजना. तीत धर्मशिक्षणाला जागा नव्हती. लोकांना आश्चर्य वाटले, कारण रोज सायंप्रार्थनेत गीतेबरोबर कुराणातल्या आयता म्हणवून घेणारा हा महात्मा. १९२८ साली याच गांधीजींनी लिहिले होते, की धर्मशिक्षणात आपल्याहून वेगळ्या धर्मांचाही आदराने अभ्यास असला पाहिजे. मग वर्ध्याच्या योजनेत तो का नाही? १९३८ साली त्यांनी याचे कारण सांगितले. धर्म आज ज्या रीतीने शिकवले आणि पाळले जातात, त्यातून ऐक्यापेक्षा भांडणच वाढेल, अशी त्यांना भीती वाटत होती. सर्व धर्मांत जे समान सत्य आहे ते शिक्षकाच्या रोजच्या वागण्यातून मुलांना मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणजे अभ्यास असावा हेही गांधीजींचे मत, आणि शिकवणारा तयार नसेल तर घात होईल हीही त्यांचीच चिंता. ही चिंता आजही शिळी झालेली नाही. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

देश स्वतंत्र झाला. घटना समितीत कलमावर कलम चर्चेला येऊ लागले. ७ डिसेंबर १९४८ या दिवशी, आज ज्याला आपण कलम २८ म्हणतो, त्यावर चर्चा झाली. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्माची शिकवण दिली जाणार नाही, असे ते कलम. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची कारणे सांगितली. कर सगळे भरतात, तो पैसा एका धर्माच्या शिकवणीसाठी वापरता येणार नाही. या देशात धर्म आणि पंथ इतके आहेत, की सगळ्यांची सोय सारखी करणे अशक्य. आणि आपलेच तेवढे सत्य, असे मानणारे एकाच वर्गात आले तर वर्गाची शांतता राहणार नाही.

त्यावर बंगालचे पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी विचारले, कलकत्त्याचे संस्कृत कॉलेज सरकारी आहे. तेथे वेद, स्मृती, गीता, उपनिषदे शिकवतात. मग ते बंद करायचे काय? बाबासाहेबांनी जे उत्तर दिले ते प्रत्येक पालकाने समजून घ्यावे असे आहे. त्यांनी सांगितले, की धर्माची शिकवण वेगळी आणि धर्माचा अभ्यास वेगळा. शिकवण म्हणजे अमुक यावर विश्वास ठेव, अमुक हाच शेवटचा प्रेषित मान, असे मुलाच्या मनात रुजवणे. अभ्यास म्हणजे ते काय आहे, हे जाणून घेणे. कलमाने पहिल्याला मनाई केली आहे, दुसऱ्याला नाही.

याच कलमाचा तिसरा भाग आपल्या लोकांना फारसा माहीत नसतो. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धर्माची शिकवण किंवा उपासना होत असेल, तर तीत भाग घेण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर त्याच्या पालकाची संमती लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, थोड्या वेळाने ती आपल्याच दारात येणार आहे.

बाबासाहेबांनी दाखवलेल्या या वाटेने पुढचे सगळे आयोग चालले. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये सुचवले, की दिवसाची सुरुवात काही मिनिटांच्या मौन चिंतनाने व्हावी. पदवीच्या पहिल्या वर्षी बुद्ध, येशू, शंकराचार्य, महंमद पैगंबर, कबीर, नानक अशा थोर धर्मपुरुषांची चरित्रे वाचावीत आणि दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतले निवडक उतारे अभ्यासावेत. १९५९ साली केंद्र सरकारने श्रीप्रकाश समिती नेमली. श्रीप्रकाश तेव्हा आपल्या मुंबई राज्याचे राज्यपाल होते. त्यांच्या समितीनेही थोर धर्मपुरुषांची चरित्रे आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास यांवर भर दिला. मग १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग झाला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. या आयोगाने 'धर्माची शिकवण' आणि 'धर्मांविषयी शिक्षण' असा भेद पुन्हा स्पष्ट केला आणि प्रत्येक मोठ्या धर्माची नीट निवडलेली माहिती नागरिकशास्त्रात किंवा सामान्य शिक्षणात द्यावी, अशी शिफारस केली.

शिफारशी झाल्या आणि कपाटात गेल्या. नंतर हा विषय पुन्हा वर आला तो आपल्या पैठणच्या माणसामुळे.

शंकरराव चव्हाण यांचा जन्म १९२० सालचा, पैठणचा. पाटबंधारे मंत्री म्हणून जायकवाडीसाठी त्यांनी केलेले काम मराठवाडा जाणतो; त्या जलाशयाला नाथसागर हेच नाव आहे. दोनदा मुख्यमंत्री, पुढे देशाचे गृहमंत्री झालेले शंकरराव उतारवयात संसदेच्या मनुष्यबळ विकासविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष होते. त्या समितीने फेब्रुवारी १९९९ मध्ये मूल्यशिक्षणावरचा अहवाल संसदेपुढे ठेवला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये त्यात सांगितली, आणि विद्यार्थ्यांना सर्व प्रमुख धर्मांची मूलभूत ओळख करून द्यावी, असे म्हटले. इ.स. १५९९ हे नाथमहाराजांच्या समाधीचे वर्ष मानले जाते. त्याला ४०० वर्षे होत असताना पैठणच्या सुपुत्राने हा अहवाल द्यावा, हा योग मला मोठा वाटतो.

या अहवालाचा आधार घेऊन २००० साली शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा आला. त्यात धर्मांविषयी शिक्षण द्यावे, असे होते. अरुणा रॉय आणि इतरांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. हे कलम २८ च्या विरुद्ध आहे, असा त्यांचा एक मुद्दा होता. १२ सप्टेंबर २००२ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल देऊन याचिका फेटाळली. धर्मांविषयी शिक्षण देणे घटनेविरुद्ध नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि चव्हाण समितीच्या अहवालाचा विस्ताराने आधार घेतला. त्याच निकालात न्यायमूर्ती धर्माधिकारी यांनी एक इशाराही दिला: धर्मांचा अभ्यास आणि धर्माची शिकवण यांच्यामधली रेषा फार बारीक आहे, अभ्यासाच्या नावाखाली शिकवण आत येऊ नये, याची विशेष काळजी घ्यावी लागेल. न्यायालयाने दार उघडे असल्याचे सांगितले. आत कसे जायचे, हे मात्र समाजावर सोडले.

येथवर इतिहास झाला. आता आपले बोलू.

चव्हाण समितीच्या अहवालात एक विचार असा आहे, की सर्व धर्मांचा गाभा एकच, फक्त आचार वेगळे, हे मुलांना कळले पाहिजे. हेतू चांगला आहे. पण दशमीच्या रात्री मी नातवाला हेच तर म्हणालो होतो! आणि त्याने पोराची भूक भागली नाही. त्याला सारखेपणा विचारायचा नव्हता. वेगळेपण दिसले होते, त्याचे कारण हवे होते.

म्हणून शंकररावांच्या गावी जाऊन नाथांनाच विचारू. नाथमहाराजांचा 'हिंदू-तुर्क संवाद' तुम्ही वाचला असेल, कदाचित भारुडाच्या कार्यक्रमात ऐकलाही असेल. त्यात दोघे चांगले कडाकडा भांडतात. तुर्क मूर्तिपूजेवर बोट ठेवतो, पुराणातल्या कथा उकरून काढतो, सोवळ्याओवळ्याची टर उडवतो. हिंदू विचारतो, देव सगळीकडे असेल तर पश्चिमेकडेच तोंड का, इतक्या मोठ्याने हाक का मारायची, जिवाची हत्या कशाला. कोणीही गप्प बसत नाही. मग शेवटी दोघांना कळते की भांडण शब्दांचे होते, आणि ते एकमेकांना आलिंगन देतात. नाथ ब्राह्मणाच्या घरी जन्मलेले, पण त्यांनी तुर्काचा आक्षेप कापून लहान केला नाही. त्याच्या तोंडी त्याचे म्हणणे पुरते येऊ दिले. शेवटचे आलिंगन खरे वाटते ते या पुरत्या बोलण्यामुळे. पहिल्याच ओळीत दोघांनी "आपण सारखेच" म्हणून गळाभेट घेतली असती, तर तो संवाद ४०० वर्षे कोणी ऐकला नसता.

वारीहून परतल्यावर मी आमच्या आळीतल्या शिंपीकाम करणाऱ्या चाचांकडे नातवाला घेऊन गेलो. मी म्हणालो, "चाचा, याला बकरी ईदेचे कारण सांगा. मलाही ऐकायचे आहे." चाचांनी मशीन थांबवले. इब्राहिम पैगंबरांना स्वप्नात देवाची आज्ञा झाली, की आपल्या मुलाचे बलिदान दे. बापाने मुलाला विचारले, मुलगा तयार झाला. सुरी फिरणार तोच देवाने मुलाला वाचवले आणि त्याच्या जागी मेंढा पाठवला. त्याची आठवण म्हणून कुर्बानी. तिच्या मांसाचे तीन वाटे करायचे: एक गरिबांचा, एक नातलग-मित्रांचा, एक घरचा. कुर्बानी ईदेच्या दिवसानंतरही दोन दिवस देता येते, म्हणून ती पुढे नेता आली.

नातू एकदम म्हणाला, "म्हणजे चिलया बाळासारखेच!" त्याच्या आजीने त्याला शिवलीलामृतातली श्रियाळ-चांगुणेची कथा सांगितली होती. चाचांना ती माहीत नव्हती. नातवाने ती सांगितली. मग त्यानेच फरकही काढला: "पण चांगुणेला खरेच कांडावे लागले, यांच्या मुलाला देवाने आधीच वाचवले." मी शहाण्या माणसांच्या सभेत बसलो आहे, असे मला वाटले. साम्यही दिसले, फरकही दिसला, आणि कोणाचे काही उणे झाले नाही. शाळेत व्हायला हवे ते इतकेच.

शिवाय हे जगाचे धर्म म्हणजे कुठे दूर नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात होते. नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला. शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते आपल्या पूर्वजांच्या कथांवर मराठीत कीर्तने करू लागले. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने येशूची कथा मराठी ओवीत लिहिली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. आपल्या ओवीचा आणि कीर्तनाचा हा प्रवास आपल्याच पोरांना माहीत नसेल, तर नुकसान आपले आहे.

आता ती बारीक रेषा. 'क्रिस्तपुराण' धर्मप्रसारासाठी लिहिले गेले. ते कोणी, कधी, का लिहिले, त्यात काय कथा आहे, हे वर्गात सांगणे ही ओळख. ते प्रार्थना म्हणून मुलांकडून म्हणवून घेणे ही शिकवण. एवढे आपल्याला लगेच पटते. पण माउली, हाच गज आपल्या हरिपाठाला लावून पाहा. ज्ञानदेव कोण, हरिपाठ म्हणजे काय, लोक तो संध्याकाळी का म्हणतात, हे सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलाला कळावे, ही ओळख. पण मुसलमानाच्या, ख्रिस्त्याच्या किंवा बौद्धाच्या मुलाला सक्तीने हरिपाठ म्हणायला उभे करणे ही शिकवण, आणि कलम २८ ला ती मान्य नाही. आषाढीला शाळाशाळांतून बालदिंडी निघते. डोक्यावर टोपी, हातात टाळ घेतलेली सगळ्या जातीधर्मांची पोरे पाहून आपला ऊर भरून येतो. येऊ दे. पण एखाद्या आईने "माझा मुलगा दिंडीत नको" म्हटले, तर तिचा राग धरू नये आणि त्या पोराला एकटे पाडू नये. आपल्या मुलाला दुसऱ्याच्या प्रार्थनेत ओढले तर आपल्याला जे वाटेल, तेच तिला वाटते. ज्या मापाने आपण घेतो, त्याच मापाने द्यावे.

दुसरी परीक्षा याहून अवघड आहे. ओळख खरी असावी, अशी आपली अपेक्षा असते. मग आपली ओळखही खरीच हवी. धड्यात पंढरपूरची वारी येईल, समतेची पताका येईल. त्याच धड्यात हेही यावे, की चोखोबांना मंदिराबाहेर राहावे लागले, आणि विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या भक्तांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले. हे सांगितल्याने पांडुरंग लहान होत नाही. दुसऱ्याच्या धर्मातले दोष मुलांना कळावेत आणि आपले झाकावेत, असे ज्याला वाटते, त्याने या विषयाच्या वाटेला जाऊ नये.

काही जण विचारतील, यामुळे पोराची निष्ठा ढळणार नाही का? नामदेवराय पंजाबात वर्षानुवर्षे राहिले, तेथल्या भाषेत गायले. विठोबा त्यांच्यापासून सुटला नाही. विनोबाजींनी गीतेवर प्रवचने दिली, ज्ञानेश्वरी उराशी धरली, आणि कुराणाचे व ख्रिस्तधर्माचे सारही काढले. १९५८ साली ते पंढरपुरात आले तेव्हा वेगवेगळ्या धर्मांचे सोबती बरोबर घेऊन त्यांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले. मुळे खोल असली की फांद्या लांब गेल्याने झाड पडत नाही.

पण मुळे कोणी घालायची? हा प्रश्न मात्र आपल्याला टाळता येणार नाही. चाचांकडून घरी येताना मी नातवाला विचारले, "एकादशी का करतात रे?" तो म्हणाला, "साबुदाणा खातात." माझ्या "बकरा कापतात" या उत्तराचाच तो भाऊ होता! त्याला आपल्या एकादशीचे कारण मी सांगितले नव्हते. ते शाळेने सांगायचे नाही, ते माझे काम आहे. निष्ठा घरात, माळेत, हरिपाठात, आजीच्या कथेत लागते. शाळेने जगाची ओळख द्यावी. घराने आपले काम शाळेवर ढकलले आणि शाळेने घराचे काम हातात घेतले, की दोन्हीकडे गोंधळ होतो.

राहिली गांधीजींची चिंता: शिकवणार कोण? ही खरी अडचण आहे. कुत्सित हसत शिकवलेला दुसऱ्याचा धर्म न शिकवलेलाच बरा. यावर मला तीन साध्या गोष्टी सुचतात. प्रत्येक धर्माचा धडा त्या धर्माच्या जाणत्या माणसाला वाचायला द्यावा, आणि "हो, हे आमचेच आहे" असे तो म्हणाल्यावरच छापावा. शिक्षकाने "असे आहे" न म्हणता "ते असे मानतात" म्हणावे. आपल्या धर्माविषयी बोलतानाही. आणि गावातल्या चाचांना, भंतेंना, पाद्र्यांना, ग्रंथींना आणि तुमच्यासारख्या वारकऱ्याला वर्षातून एकदा वर्गात बोलवावे. मुलांनी विचारावे, त्यांनी सांगावे. त्यांनी उपदेश करू नये, एवढी अट असावी.

तेलंगांनी काढा नको म्हटले, बाबासाहेबांनी शिकवण आणि अभ्यास यांत रेषा ओढली, जे. पी. नाईकांच्या आयोगाने तीच रेषा धरून शिफारस केली, शंकररावांनी ती संसदेत नेली. एवढी तयारी या मातीतल्या माणसांनी करून ठेवली आहे. सरकारने अभ्यासक्रमात काय आणावे, याची वाट पाहत बसायचे कारण नाही. पुढच्या वारीला जाण्याआधी आपल्या गल्लीतल्या एका वेगळ्या धर्माच्या घरी, आपल्या लेकराला घेऊन जा आणि त्यांच्या एका सणाचे कारण विचारा. तेही आपल्या एकादशीचे कारण विचारतील. ते सांगता येईल, एवढी तयारी मात्र घरून करून जा.

आमचा नातू आता आठवीत जाऊन पुढे सरकला आहे. मागच्या ईदेला चाचांनी त्याला हाक मारून शिरखुर्मा दिला. तो वाटी घेऊन घरी आला आणि मला म्हणाला, "आजोबा, ही छोटी ईद. रोज्यांनंतरची. कारण सांगू?"

मी म्हणालो, "सांग."

रामकृष्ण हरी!